झाडं न काढता जंगल कसं काढायचं: सर्रियल ॲबस्ट्रॅक्ट ऑइल पेंटिंग, पहिल्या कोटापासून व्हार्निशपर्यंत

जंगलाचं पेंटिंग करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी मोबाइलवर फोटो शोधतात, मग खोड, मग फांद्या, मग पानं, पानांवर ऊन आणि शेवटी मधून जाणारी एक पायवाट. लँडस्केप म्हणून ते छानच होतं, पण सर्रियल ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे स्वप्नासारखं आणि हुबेहूब नसलेलं, जंगल हवं असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. म्हणजे आधी रंग दाबायचा, खरवडायचा, उचलायचा, जे उमटेल ते उमटू द्यायचं, मग त्यात जंगल शोधायचं, आणि ब्रशनं काय ठेवायचं नि काय झाकायचं हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. माझं स्पष्ट मत आहे की पेंटिंग खरं या शेवटच्या ठरवण्यातच घडतं. आधीचे सगळे कोट म्हणजे तुमच्यासमोर ठरवण्यासारखं काहीतरी यावं यासाठीची तयारी.

यात घाई अजिबात चालत नाही. ऑइल आहे, वाळायला वेळ घेणार, त्यामुळे एका वीकेंडमध्ये होईल असं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका, महिना दीड महिना धरून चला, व्हार्निश तर त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी.

आधी टेकडीवर जा

पुण्यात राहून जंगल बघायला लांब जावं लागत नाही. वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे, आणि सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी. पण जाताना फोटो काढायच्या इराद्यानं जाऊ नका. साधे पातळ कागद, मऊ पेन्सिल किंवा मेणाचा काळा खडू न्या. कागद खोडावर धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासायची, सालीचा पोत कागदावर उमटतो. याला फ्रोताज म्हणतात. मॅक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकारानं १९२५ साली फ्रान्समध्ये झिजलेल्या लाकडी जमिनीवर कागद ठेवून हेच केलं, आणि त्या रेषांमध्ये त्याला जंगलं, पक्षी, प्राणी दिसायला लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२४ मध्ये, फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँनं अतिवास्तववादाचा, म्हणजे सर्रियलिझमचा, जाहीरनामा काढला होता, त्यात डोक्याचा पहारा बाजूला ठेवून आतून जे येतं ते येऊ देण्यावर भर होता. पण हे हातानं करायचं कसं? तर अर्न्स्टचा कागद आणि पेन्सिल हे त्याचं एक एकदम सोपं उत्तर.

ऐनाची साल मिळाली तर जरूर घासून घ्या. जाड, भेगाळलेली, चौकोनी तुकड्यांची असते आणि कागदावर फार जबरदस्त उमटते. कडुनिंबाच्या भेगा उभ्या येतात, वडाच्या पारंब्यांवर बारीक ठिपके येतात. साल सोलायची नाही, काही तोडायचं नाही, आणि मुळशी-भोरकडच्या एखाद्या देवराईत गेलात तर तिथलं वाळलेलं पानही उचलू नका, तिथले नियम गावाचे असतात.

अजून एक गोष्ट टेकडीवर बघून घ्या, ती म्हणजे रंग. आपल्या डोक्यात जंगल हिरवं असतं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकडीवरचा गिरिपुष्प पानं गाळून नुसत्या फिकट गुलाबी फुलांनी भरलेला असतो, खाली गवत पिवळंधमक, मागे आकाश धुळीनं राखाडी. मे महिन्यात तर हिरवं शोधावं लागतं. सह्याद्रीच्या उतारांवर कांडोळ दिसतो, त्याला काही ठिकाणी भुत्या म्हणतात, पांढरट गुळगुळीत खोड, संध्याकाळी तेवढंच उजळ दिसतं. हे सगळं वहीत शब्दांत लिहून ठेवा, पॅलेट इथेच ठरतं.

साहित्य, आणि कुठे पैसे वाचवू नयेत

अप्पा बळवंत चौकात किंवा टिळक रोडच्या बाजूला हे सगळं मिळतं. सुरुवातीला कॅमलचे आर्टिस्ट ग्रेडचे ऑइल कलर पुरेसे आहेत. ट्यूब घ्यायच्या त्या अशा: टायटॅनियम व्हाइट मोठी, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, व्हिरिडियन, अलिझरीन क्रिमझन. बस. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळलं की जो काळा येतो तो थंड-गरम हवा तसा वळवता येतो, आणि अलिझरीन अधिक व्हिरिडियन केलं तर पारदर्शक, खोल काळा मिळतो जो जंगलाच्या आतल्या अंधारासाठी मला सगळ्यात आवडतो. तयार सॅप ग्रीनची ट्यूब जवळ असली की हात आपोआप तिच्याकडे जातो आणि सगळं पेंटिंग एकाच हिरव्यात बुडतं, म्हणून तीही नको. झिंक व्हाइट जाड थरात वापरू नका, वर्षानुवर्षांनी तो ठिसूळ होतो.

कॅनव्हास मीटरवर सुटा घ्या, ताणलेला नको. का ते पुढे कळेल. साधारण २४ बाय ३० इंचाचं चित्र धरलं तर चारी बाजूंना तीन-तीन इंच जास्त ठेवून कापा.

तेल आणि थिनर यात पैसे वाचवू नका. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन भिंतीच्या ऑइलपेंटसाठीचं असतं, ब्रश धुवायला चालेल, रंगात मिसळायला आर्ट शॉपमधलं शुद्ध घ्या. तसंच जवसाचं तेल: स्वयंपाकाचं नको, रिफाइंड लिन्सीड म्हणून जी बाटली मिळते तीच.

बाकीच्या वस्तू घरातल्या. गोणपाटाचा तुकडा, भाजीची नायलॉनची जाळी, सुतळी, जुनं एटीएम कार्ड, मोडका कंगवा, लांबी भरायचा पत्रा, आणि दुधाच्या पिशव्या. पिशव्या उघड्या कापून साबणानं धुवायच्या आणि पूर्ण वाळवायच्या, तेलकटपणा राहिला तर पुढचं तंत्र नीट होत नाही. पॅलेट नाइफ मात्र चांगली घ्या, लवचिक पात्याची, हिऱ्याच्या आकाराची एक आणि लांब सरळ एक.

पहिला कोट

कॅनव्हास प्राइम केलेला असला तरी जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन पातळ कोट द्या, एक आडवा, एक उभा, मध्ये पूर्ण वाळू द्या. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं अगदी हलकं घासा, तोंडाला मास्क लावून.

आता टोन. बर्न्ट सिएना आणि थोडं अल्ट्रामरीन नुसत्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर फडक्यानं पुसा. एकसारखं करू नका, कुठे गडद कुठे फिकं राहू द्या. मग त्यावर, टोन सुकल्यावर, गडद कोट: अंबर, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, जागोजागी वेगळं, पातळ पण झाकणारं. अंबर लवकर सुकतो, त्यामुळे या थरात तो जास्त असलेला बरा, अलिझरीन फार हळू सुकतो म्हणून तो खालच्या थरात टाळा. बोट लावलं तर डाग येत नाही इतपत सुकायला उन्हाळ्यात दोन-चार दिवस, पावसाळ्यात आठवडा किंवा जास्तही. जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमट हवेत सगळंच रेंगाळतं हे लक्षात ठेवून प्लॅन करा.

खरवडणं

हे खरं मजेचं काम. फ्रोताज कागदावर, तर ऑइलमध्ये त्याचं भावंड म्हणजे ग्राताज. अर्न्स्टनं १९२७ च्या आसपास यातूनच जंगलांची मोठी मालिका केली, त्यात खोडांची सलग काळी रांग असते आणि वर किंवा मागे एक गोल कडं, सूर्य की चंद्र ते कळत नाही.

सुटा कॅनव्हास टेबलावर पसरा आणि त्याच्या खाली वस्तू मांडा. सुतळी उभी, थोडी वाकडी, कुठे दुहेरी. गोणपाट एका बाजूला. जाळी वरच्या भागात. आता वरून फिकट रंगाचा थर लावा, ऑकर, पांढरा, किंचित सिएना, साधारण श्रीखंडाइतका घट्ट. लगेच, ओला असतानाच, पत्रा किंवा कार्ड तिरकं धरून वरून खाली एका दमात ओढा. खाली जिथे उंचवटा आहे तिथला फिकट रंग निघून जातो आणि आधीचा सुकलेला गडद थर उघडा पडतो. सुतळीची जागा गडद खोड होते, गोणपाटाची जागा जाळीदार झुडूप. जिथे पत्रा अडखळतो तिथे एक आडवा ओरखडा येतो, तो पुसू नका, बऱ्याचदा तीच पुढे फांदी किंवा क्षितिज होते.

एकच जागा पुन्हा पुन्हा खरवडली की सगळं राखाडी होतं, म्हणून एका पट्ट्याला एक-दोन ओढण्या, मग वस्तू सरकवून पुढचा पट्टा. आणि खोडं सारख्या अंतरावर येऊ देऊ नका, कुंपण दिसतं ते. तीन जवळजवळ, मग मोठी मोकळी जागा, मग एक जाड, मग दूर दोन बारीक, असं.

सुटा कॅनव्हास का, तर याचसाठी. ताणलेल्यावर खाली वस्तू नीट बसत नाहीत आणि दाब दिला की लाकडी फ्रेमच्या कडा उमटतात. हा थर पातळ असतो म्हणून सुकल्यावर फ्रेमवाल्याकडून ताणून घ्यायला अडचण नाही. जाड रंगाचं काम मात्र ताणल्यानंतरच करायचं.

दुधाची पिशवी

ताणलेला, सुकलेला कॅनव्हास आडवा ठेवा. एका भागावर, सगळीकडे नाही, मध्यम पातळ रंग लावा. व्हिरिडियनमध्ये थोडा ऑकर आणि अगदी थोडं लिन्सीड चालतं. त्यावर पिशवीची आतली गुळगुळीत बाजू ठेवा, तळहातानं दाबा, काही ठिकाणी बोटानं ढकला, आणि मग एका कोपऱ्यातून सावकाश उचला.

उचलताना जवळून बघा. पिशवी आणि कॅनव्हास यांच्यामध्ये कडेनं हवा आत शिरते, घट्ट रंगाला बाजूला सारत जाते आणि रंगाच्या बारीक शिरा उभ्या राहतात, एकातून दोन, दोनातून चार. काही ठिकाणी नेचाचं पान, काही ठिकाणी शेवाळ, काही ठिकाणी भिजून फुगलेली साल. या रेघा ब्रशनं काढायला गेलात तर आठवडा जाईल आणि तरी इतक्या जिवंत येणार नाहीत. सावकाश उचललं तर शिरा लांब आणि रुंद, झटक्यात उचललं तर बारीक आणि गजबजलेल्या, रंग जास्त असेल तर नुसता चिखल. आधी जाड कागदावर पाच-सहा वेळा करून रंगाचा घट्टपणा हाताला कळू द्या.

याचं नाव डेकॅल्कोमेनिया. चित्रकार ऑस्कर दोमिंगेझनं १९३६ च्या सुमारास गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, हे करून अतिवास्तववाद्यांमध्ये रुजवलं आणि अर्न्स्टनं ते ऑइलमध्ये आणलं. त्याचं १९४० ते ४२ मधलं 'युरोप आफ्टर द रेन' हे चित्र नेटवर मोठं करून बघा, खडक की झाड की माणसं असा प्रश्न पडतो, आणि त्यानं किती जागा मोकळ्या निळ्या आकाशानं शांत केल्यात तेही बघा. आपल्याला पुढे तेच करायचंय.

आता थांबा आणि बघा

सुकेपर्यंत हात लावू नका, पण रोज बघा. उलटं करून, आडवं करून, लांबून, आरशात. फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, म्हणजे रंगांच्या मोहात न पडता उजेड-अंधार कुठे आहे ते कळतं. फोटोत सगळंच मधल्या राखाडीत दिसत असेल तर चित्राला अजून खरा अंधार आणि खरा उजेड मिळालेला नाही.

फोटोची साधी प्रिंट काढून त्यावर पेननं ठरवा: हे ठेवायचं, हे झाकायचं. माझा नियम असा की उमटलेल्या पोतापैकी निम्म्याहून जास्त झाकायचं. मोह होतो, प्रत्येक कोपरा सुंदर दिसतो, पण सगळीकडे पोत असला की डोळा कुठेच टेकत नाही. ॲबस्ट्रॅक्ट चित्रकार वासुदेव गायतोंडेंची चित्रं बघताना हे शिकायला मिळतं, रोलर आणि पॅलेट नाइफनं केलेली कामं, त्यात एवढीशी खूण आणि तिच्याभोवती केवढी तरी शांत जागा, म्हणून ती खूण दिसते.

झाकायचं म्हणजे खोड रंगवायचं नाही, खोडाभोवतीची हवा रंगवायची. आकाशाचा किंवा धुक्याचा रंग तयार करा, पांढरा, थोडा ऑकर, कणभर अल्ट्रामरीन, अगदी थोडं अलिझरीन, आणि सपाट ब्रशनं पोताच्या आत कापत जा. जे मागे राहतं ते आपोआप झाड होतं, आणि त्याच्या अंगात सगळा खरवडलेला पोत तसाच असतो. ही कड सगळीकडे धारदार नको. एका बाजूनं कापलेली आणि दुसऱ्या बाजूनं धुक्यात विरघळलेली ठेवली की खोडाला गोलाई येते आणि एवढ्यावर तुमचं काम निम्मं होतं.

एकच गोष्ट चुकीची, पण पूर्ण खात्रीनं

इथपर्यंत ॲबस्ट्रॅक्ट झालं. सर्रियल कशानं होणार? घड्याळ, डोळा, उघडं दार, आकाशात जाणारा जिना, हे सगळं इतकं झालंय की बघणारा ओळखतो आणि पुढे जातो. त्यापेक्षा जंगलाचाच एखादा नियम मोडा, आणि एकच. पारंब्या जमिनीकडे न येता सगळ्या आडव्या, एकाच दिशेला ताणलेल्या. किंवा खोडाचा मधला भाग गायब, पण जमिनीवर सावली मात्र अख्खी. किंवा ओढा खोडांच्या मधून वर चढतोय. बेल्जियन सर्रियलिस्ट चित्रकार मॅग्रीटनं १९६५ मध्ये जंगलातून जाणारी घोडेस्वार बाई काढली, त्यात झाडं आणि मोकळी जागा यांची पुढे-मागे अदलाबदल केली, बाकी सगळं अगदी साधं, नीट रंगवलेलं, आणि म्हणूनच बघताना पायाखालची जमीन सरकते.

नियम मोडताना बाकीचे नियम कडक पाळा, खास करून प्रकाश. उजेड डावीकडून असेल तर तो विचित्र गोष्टीवरही डावीकडूनच पडला पाहिजे, तिची सावलीही त्याच हिशोबानं. स्वप्नात गोष्टी अशक्य असतात पण तिथलं ऊन खरं वाटतं, आणि ते खरं वाटलं नाही तर चित्र नुसतं सजावट होतं. ही जागा हळू रंगवा, बारीक ब्रश घ्या, सगळ्या चित्रात हाताची कसोटी इथेच लागते.

कुठे ठेवायची? मधोमध नको, आणि सगळ्यात उजळ जागीही नको. बघणाऱ्याला आधी जंगल दिसू द्या.

ग्लेझ, आणि तेलाचा हिशोब

खालचे थर टर्पेंटाइनचे, वर जाताना तेल वाढत जायचं, हा ऑइलचा मूळ नियम. जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि तेल जास्त असलेला थर बराच काळ आतून हलत असतो. त्यावर कमी तेलाचा थर दिला तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलतो आणि तडे जातात. म्हणून पहिले कोट नुसत्या टर्पेंटाइनमध्ये, मधल्या कामाला दोन भाग टर्पेंटाइन एक भाग लिन्सीड, ग्लेझला निम्मं निम्मं. आणि ऑइलवर ॲक्रिलिक कधीच नाही. खाली ॲक्रिलिक चालतं, वर नाही.

ग्लेझ म्हणजे पारदर्शक रंगाचा पातळ पडदा. अलिझरीन, व्हिरिडियन, अल्ट्रामरीन यासाठी उत्तम. जंगलाच्या खालच्या तिसऱ्या भागावर व्हिरिडियन आणि अलिझरीनचा काळसर ग्लेझ दिला की सगळा पोत मागे सरकतो आणि खोली येते, जिथे जास्त झालं तिथून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. गिरिपुष्पाचा गुलाबी हवा असेल तर आधी फिकट राखाडी ठिपके नाइफनं जाड लावा, ते सुकल्यावर अलिझरीनचा अगदी पातळ ग्लेझ द्या, म्हणजे गुलाबी आतून येतो. पांढऱ्यात लाल मिसळून लावलेला गुलाबी या गडद चित्रात बाहेरून चिकटवलेला वाटतो.

खोली, फडकी, वाळवणं

तेल लागलेली फडकी चुरगाळून ढीग करून ठेवू नका. लिन्सीड घट्ट होताना उष्णता सोडतं आणि ढिगाऱ्यात ती साठून फडकी आपोआप पेटू शकतात. एकेक पसरून उघड्यावर वाळवा, नाहीतर झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या, आणि ते बेसिनमध्ये ओतायचं नाही: बरणीत ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा वापरता येतं. घरात लहान मुलं, मांजर असेल तर बरणी वरच्या फळीवर.

चित्र कपाटामागे अंधारात वाळत ठेवू नका, अंधारात लिन्सीड पिवळं पडतं. उजेडाची पण थेट उन्हाची नसलेली भिंत बघा. पावसाळ्यात कॅनव्हासची पाठ भिंतीला चिकटू देऊ नका, मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा, नाहीतर बुरशी धरते. उन्हाळ्यात अडचण धुळीची, त्यामुळे ओलं असताना चित्राचं तोंड भिंतीकडे करून तिरकं टेकवा.

व्हार्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबा. मध्ये काही भाग मॅट आणि काही चकचकीत दिसायला लागतात, अंबरचे भाग खास करून, ते नॉर्मल आहे, व्हार्निशनं एकसारखं होतं. प्रदर्शनाची तारीख जवळ आली म्हणून लवकर व्हार्निश मारणं टाळा, त्यापेक्षा रिटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या हलक्या व्हार्निशचा, पातळ हात द्या, तो बोटाला चिकटणं थांबल्यावर चालतो. आणि कॅनव्हासच्या मागे पेन्सिलनं तारीख, वापरलेले रंग आणि कुठल्या थरात किती तेल होतं ते लिहून ठेवा, व्हार्निश कधी करायचं ते त्यावरूनच कळेल आणि पुढेमागे कुठे तडा गेला तर दुरुस्त करणाऱ्यालाही तेच उपयोगी पडेल.